फ्लो मालकीण होते तेव्हा : ‘अ‍ॅलिस’ मालिकेतील एका वेट्रेसचा प्रकरण अभ्यास

२४ फेब्रुवारी १९८० या रविवारी रात्री अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवरील ‘अ‍ॅलिस’ या विनोदी मालिकेत फ्लोरेन्स जीन कॅसलबेरी, म्हणजेच सगळ्यांची फ्लो, मेल्स डायनरमधली वेट्रेसची नोकरी सोडून निघून गेली. महिन्याभराने, २४ मार्चला, तीच व्यक्तिरेखा ‘फ्लो’ या स्वतंत्र मालिकेची नायिका होऊन परतली. या वेळी तिच्या हातात ऑर्डर लिहिण्याचे पॅड नव्हते. टेक्सासमधल्या एका जुनाट रोडहाउसची, म्हणजे हमरस्त्यालगतच्या दारू-जेवणाच्या ठिकाणाची, ती मालकीण झाली होती. प्रेक्षकांनी सुरुवातीला तिचे भरभरून स्वागत केले, आणि तरीही पंधरा महिन्यांत, २९ भागांनंतर, ती मालिका बंद पडली. जी मालिका फ्लोने सोडली ती मात्र तिच्यावाचून आणखी पाच वर्षे चालली.

लोकप्रिय दुय्यम पात्राला स्वतःची मालिका देणे आणि ती न चालणे ही अमेरिकन टेलिव्हिजनच्या इतिहासात नवलाची गोष्ट नाही. तरीही हे प्रकरण बारकाईने पाहण्याजोगे आहे. अभिनेत्री तीच, व्यक्तिरेखा तीच, बोलण्याची ढबही तीच असताना तिची नोकरी तेवढी बदलली, आणि विनोदाचा जोर ओसरला. फ्लोचा विनोद जितका तिच्या स्वभावात होता तितकाच तिच्या नोकरीतही होता, आणि तिला मालकीण करताना नेमका हाच भाग हातातून निसटला, असे माझे मत आहे.

चित्रपटातून मालिकेकडे

या कथेचे मूळ मार्टिन स्कॉर्सेसी यांनी दिग्दर्शित केलेल्या १९७४ च्या ‘अ‍ॅलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोअर’ या चित्रपटात आहे. ट्रकचालक नवऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर मुलाला घेऊन घर सोडणारी आणि गायिका होण्याचे जुने स्वप्न पुन्हा हाती घेऊ पाहणारी अ‍ॅलिस पोटासाठी अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरातील एका कॅफेत वेट्रेस म्हणून राहते. या भूमिकेसाठी एलेन बर्स्टिन यांना ऑस्कर मिळाले. तिच्यासोबत काम करणाऱ्या, शिवराळ पण मनाने उदार अशा फ्लोची भूमिका डायान लॅड यांनी केली होती आणि त्यांनाही सहायक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन मिळाले होते.

पटकथाकार रॉबर्ट गेचेल यांच्या याच पात्रांवर ३१ ऑगस्ट १९७६ रोजी मालिका सुरू झाली. टूसॉनचे फिनिक्स झाले, अ‍ॅलिसच्या भूमिकेत लिंडा लॅव्हिन आल्या, वेंधळ्या व्हेराचे काम बेथ हाउलंड यांच्याकडे गेले आणि फ्लो झाल्या पॉली हॉलिडे. चित्रपटातील मुख्य कलाकारांपैकी मालिकेत कायम राहिले ते कॅफेचा मालक मेल शार्पल्स साकारणारे व्हिक टेबॅक. हे महत्त्वाचे आहे, कारण तीन वेट्रेस आणि एक मालक या रचनेत मालकाचा आवाज पहिल्या दिवसापासून पक्का होता. तिन्ही बायकांना आपापला सूर त्याच्या विरुद्ध लावून पाहायचा होता.

डायनर म्हणजे अमेरिकेतले साधे, स्वस्त, बहुधा पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडे असणारे खाण्याचे ठिकाण. लांब काउंटर, त्यापुढे उंच स्टुले, बाजूला समोरासमोर बसण्याची बाके, आणि मागे स्वयंपाकघरात उघडणारी खिडकी, जिच्यातून भरलेल्या ताटल्या बाहेर येतात. विनोदी मालिकेच्या नेपथ्याला ही मांडणी आयतीच सोयीची आहे, कारण तिच्यात माणसांच्या जागा ठरलेल्या असतात. मेल खिडकीच्या आतून ओरडतो, गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडून मागते आणि वेट्रेस या दोघांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात सतत ये-जा करत असते. फ्लोची बहुतेक गाजलेली वाक्ये याच पट्ट्यातून, हातात कॉफीचे भांडे किंवा ताटल्या असताना, चालता चालता फेकलेली आहेत.

फ्लोचे बळ कशात होते

उंच बांधलेले तांबूस केस, दक्षिणेकडचा लांबवलेला उच्चार, पुरुषांविषयी निःसंकोच बोलणे आणि रागावलेल्या मेलला दिलेले ‘किस माय ग्रिट्स’ हे ठरलेले उत्तर, एवढ्या खुणांवर फ्लो देशभर ओळखली जाई. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्यांची, दक्षिणेत न्याहारीला खाल्ली जाणारी लापशी. चित्रपटातली फ्लो जे उघड शिवीने बोलत असे ते रात्री कुटुंबासह पाहिल्या जाणाऱ्या वाहिनीवर चालण्यासारखे नव्हते, म्हणून हा सौम्य पर्याय आला. तो घराघरांत पोचला, टी-शर्टांवर छापला गेला आणि आजही मालिकेचे नाव काढले की अनेक अमेरिकनांना सर्वप्रथम तोच आठवतो.

पण केवळ वाक्याने हे साधत नाही. पॉली हॉलिडे यांचा जन्म १९३७ मध्ये अलाबामातल्या जॅस्पर गावी झाला. कॉलेजात त्यांनी पियानोचे शिक्षण घेतले आणि पुढे फ्लोरिडातील सारासोटा येथील असोलो नाट्यसंस्थेत अनेक वर्षे रंगभूमीवर काम केले. वाक्य कोठे ओढायचे, कोठे तोडायचे आणि प्रेक्षकांचा हशा कोठे पुरता विरू द्यायचा, याचे भान त्यांच्या कामात सतत जाणवते. मेल ओरडून झाल्यावर त्या लगेच बोलत नाहीत. आधी वळतात, हातातले काम पुरे करतात, मग बोलतात. उत्तर त्यामुळे रागाचे वाटत नाही. मेलची नोकरी तिला जेवढी हवी आहे तेवढीच मेललाही ती हवी आहे, हे ओळखून असलेल्या बाईचे ते उत्तर वाटते. या भूमिकेसाठी त्यांना गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला.

येथे त्या काळच्या वेट्रेसच्या पगाराची रचना लक्षात घ्यावी लागते. अमेरिकेच्या केंद्रीय किमान वेतन कायद्यात १९६६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रेस्टॉरंटमधील नोकरांनाही संरक्षण दिले. मात्र ज्यांना टिप मिळते त्यांच्या बाबतीत किमान वेतनाचा निम्म्यापर्यंतचा भाग टिपेतून भरून निघाला असे धरण्याची मुभाही मालकाला त्याच दुरुस्तीने दिली. १९८० पर्यंत हे प्रमाण ४० टक्क्यांवर आणण्यात आले. म्हणजे वेट्रेसच्या हाती पडणाऱ्या पैशाला दोन धनी होते, एक गल्ल्यावर बसणारा आणि दुसरा टेबलाशी बसणारा. मालिकेत या कलमांची चर्चा होत नसली, तरी फ्लोच्या वागण्यात ती व्यवस्था पूर्ण मुरलेली आहे. गिऱ्हाइकाशी ती लाडात बोलते, नावाने किंवा ‘शुगर’ म्हणून हाक मारते, थट्टा करते. तिच्या टोमण्यांचा मुख्य रोख मेलकडे असतो. जिथून जास्त पैसे येतात तिथे गोडी आणि जिथून कमी येतात तिथे धार, असा तिचा हिशेब आहे, आणि तो अनुभवाने शिकलेल्या कामकरी बाईचा हिशेब आहे. लिंडा लॅव्हिन या मालिकेच्या काळात काम करणाऱ्या स्त्रियांच्या वेतनाबद्दल जाहीरपणे बोलू लागल्या. त्यांच्या अ‍ॅलिसमध्ये हा विषय संवादांतून येतो, तर फ्लोमध्ये तो देहबोलीत आहे.

म्हणूनच तिच्या प्रत्युत्तराला किंमत होती. मेल तिला कामावरून काढू शकतो, तशा धमक्या तो देतोही, आणि तरी ती बोलते. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही आहे त्याने वरच्याला सुनावले की प्रेक्षक टाळी देतात. घरी बसून पाहणाऱ्यांपैकी असंख्य लोकांना आपल्या मालकाला हेच ऐकवायचे होते आणि ते ऐकवता येत नव्हते.

वाहिनीचा निर्णय

१९७० च्या दशकात सीबीएसने एका मालिकेतून दुसरी काढण्याचा मोठा सपाटा लावला होता. ‘ऑल इन द फॅमिली’मधून १९७२ मध्ये ‘मॉड’ आणि १९७५ मध्ये ‘द जेफरसन्स’ निघाली, ‘मॉड’मधून ‘गुड टाइम्स’, तर ‘द मेरी टायलर मूर शो’मधून ‘रोडा’, ‘फिलिस’ आणि ‘लू ग्रँट’. १९७९-८० च्या हंगामात ‘अ‍ॅलिस’ प्रेक्षकसंख्येच्या क्रमवारीत चौथ्या स्थानापर्यंत पोचली होती आणि तिच्यातले सर्वांत जास्त उचलले गेलेले पात्र फ्लो होते. अशा वेळी वाहिनीने तिच्याकडे वळणे स्वाभाविक होते, आणि इतकी वर्षे दुय्यम भूमिका निभावलेल्या अभिनेत्रीने नायिकेची संधी घेणे त्याहून स्वाभाविक होते. यात कोणाचा लोभ शोधणे मला अन्यायाचे वाटते.

निरोपाच्या कथेत फ्लोला टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात एका रेस्टॉरंटमध्ये होस्टेसची, म्हणजे दाराशी येणाऱ्यांचे स्वागत करण्याची, नोकरी मिळते. नव्या मालिकेत ती ह्यूस्टनला जाता जाता आपल्या गावी, काउटाउनला, थांबते. तरुणपणी जिथे तिने चांगले दिवस पाहिले ते रोडहाउस मोडकळीला आलेले तिला दिसते, ती ते विकत घेते आणि त्याचे नाव ‘फ्लोज यलो रोझ’ असे ठेवते. सोबत येतात तिची आई, बुजरी बहीण फ्रॅन, जुनी मैत्रीण मिरियम, बाईच्या हाताखाली काम करणे न रुचणारा बारटेंडर अर्ल आणि त्या जागेचे गहाणखत ज्याच्याकडे आहे तो चिक्कू फार्ली वॉटर्स.

ही पात्रयोजना नीट पाहिली तर लेखकांनाही धोका दिसला होता हे कळते. मेलची जागा रिकामी होणार हे ओळखून त्यांनी ती दोघांत वाटली. वरून दडपण आणण्यासाठी फार्ली आणि रोजची कुरबुर करण्यासाठी अर्ल. कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात फार्ली हा येणारा-जाणारा सावकार आहे. तो हप्ता मागतो, पण ताटली उशिरा का आली म्हणून ओरडत नाही. अर्ल दिवसभर समोर असतो, पण तो तिचा नोकर आहे. फ्लो त्याला सुनावते तेव्हा शब्द पूर्वीचेच असतात, पण आता ते वरून खाली येतात. मेलला दिलेले उत्तर हे धाडस होते. अर्लला दिलेले उत्तर ही मालकिणीची झिडकारणी होते. पॉली हॉलिडे यांनी ती झिडकारणी जितकी प्रेमळ करता येईल तितकी केली आहे. त्यांच्या कामात उणीव शोधू गेल्यास ती सापडत नाही, आणि म्हणूनच दोष मांडणीत होता असे म्हणता येते.

दुसरा बदल जागेचा. डायनरमध्ये दिवस उजाडतो, गर्दी होते, कोणी घाईत असतो, कोणी उधारी मागतो, आणि कामाचा हा रेटा विनोदाला आपोआप गती देतो. रोडहाउसमध्ये लोक निवांत बसायला, पियानो ऐकायला, प्यायला येतात. फ्लोला तिथे धावण्याचे कारण उरत नाही. जी बाई सतत चालता चालता बोलत असे, ती आता उभी राहून बोलू लागली.

आकडे, आणि त्यांचे दुसरे स्पष्टीकरण

१९८० च्या वसंतात दाखवलेल्या मोजक्या भागांच्या जोरावर ‘फ्लो’ त्या हंगामाच्या क्रमवारीत सातव्या स्थानावर आली. दुसऱ्या हंगामात मात्र ती वरच्या क्रमांकांतून दिसेनाशी झाली आणि ३० जून १९८१ रोजी तिचा शेवटचा भाग दाखवला गेला.

या घसरणीचे नेहमी दिले जाणारे कारण वेळापत्रकाचे आहे, आणि ते वजनदार आहे. १९८० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अभिनेत्यांचा संप जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत चालला आणि त्या वर्षीचे सगळेच हंगाम लांबले. शिवाय वाहिनीने ‘फ्लो’चा वार आणि वेळ एकाहून अधिक वेळा बदलली. तेव्हा घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर पोचलेले नव्हते, त्यामुळे मालिकेचा वार बदलला की नेहमीचा प्रेक्षक मोठ्या संख्येने तुटत असे. हे स्पष्टीकरण मी नाकारत नाही. पण वाहिनी सहसा ज्या मालिकेची पकड सैल होताना दिसते तिचीच जागा हलवते. ‘अ‍ॅलिस’लाही अधूनमधून वेगळ्या वेळा मिळाल्या आणि ती टिकली.

याच काळात याच वाहिनीवर घडलेली एक घटना येथे विचारात घ्यावी लागते. ‘द जेफरसन्स’चा नायक जॉर्ज हा कपडे ड्रायक्लीन करण्याच्या दुकानांचा यशस्वी मालक. त्याच्या घरची मोलकरीण फ्लोरेन्स, मार्ला गिब्स यांनी साकारलेली, त्याला पदोपदी असे काही सुनावते की सभागृह डोक्यावर घेतले जाते. नामसाम्य योगायोगाचे आहे, पण नाट्यातली जागा हुबेहूब फ्लोची आहे. एप्रिल १९८१ मध्ये सीबीएसने तिलाही ‘चेकिंग इन’ ही स्वतंत्र मालिका दिली, आणि तीत तिला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातील साफसफाई विभागाची प्रमुख केले. चार भागांनंतर ती मालिका बंद झाली. चार भागांवरून कठोर निष्कर्ष काढणे योग्य नाही. तिथे फ्लोरेन्सच्या वर एक व्यवस्थापक होताही. तरीही दोन्ही वेळा विचाराची दिशा एकच होती हे लक्षात येते. प्रेक्षकांना आवडलेल्या कामकरी बाईला बक्षीस द्यायचे तर तिला बढती द्यायची, असे वाहिनीने धरून चालले. फरक पुढे पडला. मार्ला गिब्स ‘द जेफरसन्स’मध्ये परतल्या, फ्लोरेन्स पुन्हा जॉर्जच्या दारात उभी राहिली आणि मालिका १९८५ पर्यंत चालली. फ्लो मात्र मेलच्या काउंटरवर परत आली नाही.

रिकाम्या जागेवर कोण आले

ती परत का येऊ शकली नाही याचे एक कारण असे की तिची जागा भरली गेली होती. या भरतीचा प्रवास या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. फ्लो गेल्यावर मेल्स डायनरमध्ये बेल ड्युप्री ही मिसिसिपीची वेट्रेस आली आणि ती भूमिका दिली गेली डायान लॅड यांना, म्हणजे चित्रपटातल्या मूळ फ्लोलाच. त्यांनाही त्यासाठी गोल्डन ग्लोब मिळाला. तरी त्या १९८१ मध्येच मालिकेबाहेर पडल्या. बेल ही फ्लोच्या इतकी जवळची होती की प्रत्येक वाक्याला जुन्या आवाजाशी तुलना होणे अटळ होते, आणि दक्षिणेकडच्या तोंडाळ बाईची जागा दक्षिणेकडच्या दुसऱ्या तोंडाळ बाईने भरण्याचा हा प्रयत्न मला पहिल्यापासून अर्धवट वाटतो.

त्यानंतर आलेल्या सीलिया वेस्टन यांच्या जोलीन हनिकटने वेगळी वाट धरली. जोलीन पूर्वी ट्रक चालवत असे. तिला दक्षिणेचा उच्चार होता, पण फ्लोचा आक्रमक डौल नव्हता. ती चटकन रडवेली होई, चटकन भांडे आणि चटकन विसरे. फ्लो मेलला शब्दांनी गप्प करत असे, जोलीन त्याला दमवून गप्प करी. तिच्यासोबत मालिका मार्च १९८५ मध्ये संपेपर्यंत, एकूण २०२ भाग, चालली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : मेलच्या विरुद्ध उभी राहणारी तिसरी वेट्रेस ही जागा मालिकेला लागत होती, आणि त्या जागेवर फ्लोसारखीच व्यक्ती असण्याची गरज नव्हती. जागा टिकली म्हणून मालिका टिकली. ‘फ्लो’मध्ये याच्या उलट घडले. तिथे व्यक्ती होती, पण तिला उभे राहायला ती जागा नव्हती.

लिंडा लॅव्हिन डिसेंबर २०२४ मध्ये, पॉली हॉलिडे सप्टेंबर २०२५ मध्ये आणि डायान लॅड नोव्हेंबर २०२५ मध्ये निवर्तल्या. मेल्स डायनरचा काउंटर सांभाळलेल्या या तीन अभिनेत्री वर्षभरात गेल्या, आणि तिघींच्याही निधनाच्या बातम्यांत या मालिकेचा आवर्जून उल्लेख झाला.

हाताशी असलेला पर्याय

दुसरे काही करता आले असते का, या प्रश्नाचे उत्तर निरोपाच्या भागातच पडून आहे. फ्लो निघाली होती ह्यूस्टनला, एका मोठ्या रेस्टॉरंटच्या दाराशी उभे राहून येणाऱ्यांचे स्वागत करण्याच्या नोकरीवर. १९८० चे ह्यूस्टन म्हणजे तेलाच्या तेजीने फुगत चाललेले शहर. नवा पैसा, नवी माणसे, उत्तरेकडून कामासाठी आलेली कुटुंबे, आणि या सगळ्यांना टेबल दाखवणारी, ट्रेलरमध्ये राहून आलेली, अर्धशिक्षित पण चलाख फ्लो. तिच्या वर सुटाबुटातला व्यवस्थापक, जो मेलसारखा ओरडणार नाही, तर हळू आवाजात तिचा उच्चार सुधारू पाहील, तिचे केस खाली बांधायला सांगेल. अशा माणसाला ‘किस माय ग्रिट्स’ म्हणणे मेलला म्हणण्यापेक्षा कितीतरी अवघड होते, आणि म्हणून ते पुन्हा एकदा ऐकावेसे वाटले असते. लेखकांनी हा धागा स्वतः विणला होता. पहिल्याच भागात काउटाउनच्या थांब्यावर तो तोडून त्यांनी तिच्या हाती किल्ल्या दिल्या.